टॉवर एक, रांग मोठी: जास्त डेटा वापरणाऱ्याला आवरायचं कसं?

गेल्या खरिपातली गोष्ट. सुट्टी कमी आणि काम जास्त, म्हणून मी लॅपटॉप घेऊन गावी गेलो होतो. आमची वस्ती सांगोला तालुक्यात, गावापासून तीनेक किलोमीटर आत, शेतातच. वायफाय नाही, फायबर नाही. पत्र्याच्या खोलीत मोबाइलचा हॉटस्पॉट चालू केला आणि ऑफिसच्या सर्व्हरवर साडेसहा जीबीचं एक सॉफ्टवेअर पॅकेज चढवायला लावलं. रोजचा कोटा संपला तेव्हा वरून डेटा पॅकही मारला. म्हणजे डेटा माझा, पैसे माझे, कुणाची उधारी नाही.

अकराच्या सुमाराला बांधावरून आप्पांची हाक आली. "आरं, फोटू जाईना की. नुसतं गोल-गोल फिरतंय."

आप्पा ई-पीक पाहणी करत होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: २०२१ पासून आपल्या राज्यात शेतकरी स्वतःच मोबाइलवरून पिकाची नोंद करतो. शेतात उभं राहून फोटो काढायचा आणि ॲपमधून पाठवायचा. मग ती नोंद सातबाऱ्यावर येते. पीक विमा असो, नुकसानभरपाई असो की हमीभावाची खरेदी, आधी ही नोंद बघितली जाते. मुदत संपत आली होती, त्यामुळे अर्धं गाव त्या दिवशी शेतात फोन वर धरून उभं होतं.

मी जाऊन बघितलं. सिग्नलच्या दोन कांड्या होत्या, म्हणजे नेटवर्क होतं. फोटो मात्र जात नव्हता. सहज म्हणून परत येऊन माझं अपलोड थांबवलं. दोन-तीन मिनिटांत फोटो गेला. एकदा झालं म्हणजे सिद्ध झालं असं नसतं, म्हणून दुसऱ्या गटाच्या फोटोच्या वेळी अपलोड परत चालू केलं. परत गोल-गोल. थांबवलं, आणि फोटो गेला.

आप्पांचा फोटो माझ्या एकट्यामुळे अडला असं मी म्हणणार नाही, त्या वेळी सगळं गावच अपलोड करत होतं. पण त्या रांगेत सकाळपासून ठिय्या मांडून बसलेला एक जण मी होतो, हे नक्की. आणि मी कुठलाही नियम मोडलेला नव्हता.

हा प्रश्न आता फक्त आमच्या वस्तीपुरता राहिलेला नाही. ५जीचे अमर्याद प्लॅन आले, टॉवरवरूनच घराला ब्रॉडबँड देणारं एअरफायबर आलं. नोकियाच्या अहवालानुसार २०२४ मध्ये भारतात एका मोबाइल डेटा ग्राहकाचा सरासरी वापर महिन्याला २७.५ जीबीपर्यंत गेला. आपण सगळेच जास्त वापरतोय. मग एकाच टॉवरवर अवलंबून असलेल्या शेकडो लोकांमध्ये वाटणी कुणी ठरवायची आणि कशी? कंपनीने, सरकारने, की आपणच? ते समजून घ्यायचं तर आधी टॉवर नेमकं काय वाटतो ते बघावं लागेल.

टॉवर जीबी वाटत नाही, वेळ वाटतो

आपल्या डोक्यात डेटाचं चित्र पाण्याच्या टाकीसारखं असतं. मी दोन जीबी घेतला, तर तेवढा कमी झाला. मोबाइल नेटवर्क तसं चालत नाही. तिथे साठा नसतोच. असते ती दर क्षणाला वाटली जाणारी जागा, आणि जो क्षण न वापरता गेला तो कायमचा गेला.

४जीमध्ये एका कंपनीकडे २० मेगाहर्ट्झ रुंदीची फ्रिक्वेन्सी असेल, तर टॉवर तिचे १०० तुकडे करतो. त्यांना रिसोर्स ब्लॉक म्हणतात. दर एक मिलिसेकंदाला, म्हणजे सेकंदात हजार वेळा, टॉवरमधला शेड्युलर नावाचा प्रोग्राम ठरवतो की यातले किती ब्लॉक कुणाला द्यायचे. ५जीमध्ये १०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात असे २७३ ब्लॉक असतात, आणि वाटप साधारण अर्ध्या मिलिसेकंदाला होतं. गावाकडच्या टॉवरवर वापरात असलेला पट्टा अनेकदा यापेक्षा बराच अरुंद असतो. डाउनलोड आणि अपलोडची वाटणीही वेगवेगळी असते. म्हणून शेजारचा माणूस व्हिडिओ बघत असला, तरी तुमचा फोटो अडेलच असं नाही. मी मात्र अपलोडच करत होतो आणि आप्पाही अपलोडच.

शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला हे शेजपाळीवरून चटकन समजेल. कालव्याचं आवर्तन सुटलं की पाणी तासांवर मिळतं. तोंडाजवळच्या शेताला चार तासांत भरपूर पाणी मिळतं. टेलच्या शेतकऱ्याला तेवढ्याच चार तासांत अर्धंसुद्धा मिळत नाही, कारण वाटेतच झिरपतं. तास सारखे, पाणी वेगळं.

मोबाइलमध्ये झिरपण्याचं काम अंतर, भिंती आणि पत्रे करतात. सिग्नल उत्तम असेल तर ४जीच्या प्रमाणित तक्त्याप्रमाणे एका सिग्नल-खुणेत ५.५५ बिट बसतात. सिग्नल कमजोर झाला की चुका होऊ नयेत म्हणून टॉवर तेच बिट सावकाश, जास्त काळजीने पाठवतो. त्याच तक्त्यातल्या खालच्या एका पायरीवर फक्त ०.६० बिट बसतात. म्हणजे टॉवरखाली उभ्या असलेल्या माणसाचा एक जीबी आणि पत्र्याच्या खोलीतला माझा एक जीबी, यात टॉवरला पडणारा खर्च साधारण नऊपट वेगळा. अपलोडमध्ये आणखी एक अडचण आहे. तुमच्या फोनची प्रसारण ताकद जेमतेम ०.२ वॅट असते, टॉवरची त्याच्या शंभरपटीहून जास्त. म्हणून टॉवरचा आवाज फोनपर्यंत पोचतो, पण फोनचा आवाज टॉवरपर्यंत पोचताना दमतो. कांड्या दिसतात आणि फोटो जात नाही, त्याचं एक कारण हे.

दुसरी गोष्ट वेळेची. रात्री तीन वाजता तुम्ही पन्नास जीबी उतरवलात तर कुणाचंच काही बिघडत नाही, ती जागा रिकामीच होती. रात्री नऊला, सगळा गाव क्रिकेट बघत असताना, अर्धा जीबीसुद्धा कुणाच्या तरी वाट्यातून येतो.

म्हणून "जास्त डेटा वापरणारा" कोण, हे महिन्याच्या जीबीवरून ठरत नाही. कधी वापरला आणि कुठून वापरला यावरून ठरतं. पण आपल्याकडचे बहुतेक प्लॅन, नियम आणि वाद अजून जीबीभोवतीच फिरतात.

शेड्युलर न्याय करतो, पण किती?

इथे एक शंका येईल. शेड्युलर सगळ्यांना सारखा वेळ देत असेल, तर एकाने जास्त वापरल्याने दुसऱ्याचं नुकसान कसं होईल?

शेड्युलर तीन प्रकारे विचार करू शकतो. ज्याचा सिग्नल उत्तम त्यालाच सगळं द्यायचं, म्हणजे टॉवरचा एकूण वेग सर्वांत जास्त, पण टेलचा माणूस उपाशी. किंवा डोळे मिटून सगळ्यांना आळीपाळीने सारखं द्यायचं. प्रत्यक्षात जास्त करून मधला मार्ग वापरतात. प्रत्येकाला आत्तापर्यंत सरासरी किती मिळालं आणि या क्षणी त्याचा सिग्नल त्याच्या नेहमीच्या मानाने किती चांगला आहे, हे दोन्ही बघून पाळी ठरते. त्यामुळे वेळेची वाटणी बऱ्यापैकी सारखी होते.

मग अडतं कुठे? रांगेत. २० मेगाहर्ट्झचा ४जी पट्टा कागदावर १५० एमबीपीएस देऊ शकतो, पण जवळचे-लांबचे सगळे ग्राहक धरले की प्रत्यक्षात सरासरी ३०-४० एमबीपीएस हातात येतात. ३५ धरू. फुल एचडी व्हिडिओला ढोबळमानाने ५ एमबीपीएस लागतात. म्हणजे सात जण निवांत मॅच बघायला बसले की टॉवरची ती बाजू भरली. तेच सात जण ४८० पिक्सेलवर बघत असते, तर साधारण दहा एमबीपीएसमध्ये भागलं असतं आणि बाकीचे २५ इतरांना मोकळे राहिले असते. मोबाइलच्या सहा इंची पडद्यावर या दोन्हींतला फरक किती जणांना जाणवतो, हा प्रश्न ज्याचा त्याने स्वतःला विचारावा.

ज्याला फक्त दोन एमबीचा फोटो पाठवायचाय किंवा यूपीआयचं पेमेंट करायचंय, त्याला रांगेत एका सेकंदाचंच काम असतं. पण रांग कायम भरलेली असेल, तर त्या एका सेकंदाच्या कामाला मिनिटभर लागतं. तेवढ्यात ॲप कंटाळून "पुन्हा प्रयत्न करा" म्हणतं, आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. जास्त वापरणाऱ्याला गर्दी फारशी जाणवत नाही, त्याचं काम अर्धा तास उशिरा संपतं इतकंच. गर्दीचा खरा फटका थोडं वापरणाऱ्याला बसतो.

भारतात आजवर काय करून बघितलं

पहिला उपाय रोजच्या कोट्याचा. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झालं तेव्हा फुकट ऑफरमध्ये रोज ४ जीबी वेगवान डेटा होता. ऑफर मार्च २०१७ पर्यंत वाढवली तेव्हा तो रोज १ जीबीवर आणला. तिथपासून "रोज अमुक जीबी, नंतर ६४ केबीपीएस" ही रचना आपल्या इतकी अंगवळणी पडलीय, की दुसरं काही असू शकतं हेच आपण विसरलोय.

या रचनेचा एक फायदा खरा आहे. एका माणसाने एका दिवसात किती घ्यायचं याला लगाम बसतो, आणि खर्चाचा अंदाज राहतो. पण गर्दीच्या वेळेशी तिचा काही संबंध नाही. रात्री नऊला आणि पहाटे चारला जीबीची किंमत तीच. उलट कोटा मध्यरात्री संपणार म्हणून उरलेला डेटा अकरा वाजता "उडवून टाकणारे" आपण सगळ्यांनी बघितलेत. वाचवलेल्याचा फायदा नाही, मग वाचवायचं कशाला?

दुसरा उपाय वेळेचा. व्होडाफोन आयडियाने २०२१ मध्ये काही प्लॅनवर रात्री बारा ते सकाळी सहा अमर्याद डेटा दिला. सोबत, आठवड्यात उरलेला डेटा शनिवार-रविवारी वापरायची सोयही दिली. विचार बरोबर होता: टॉवर रिकामा असताना वापरा, मीटर बंद. शेतीपंपाला रात्रीची वीज देतात तसंच. फरक इतकाच, की इथे रात्री उठून मोटार चालू करायला जावं लागत नाही, फोन स्वतःच डाउनलोड करू शकतो. पण ही ऑफर ग्राहक ओढायची युक्ती म्हणून जास्त गाजली. गर्दी सांभाळायचा मार्ग म्हणून बाकीच्यांनी ती फारशी उचलली नाही.

तिसरा उपाय म्हणजे भरपूर जागा तयार करून मीटरच काढून टाकणं. १ ऑक्टोबर २०२२ ला ५जी सुरू झालं. त्याआधीच्या लिलावात जिओ आणि एअरटेल, दोघांनीही ३.३ गिगाहर्ट्झ पट्ट्यात देशभर १०० मेगाहर्ट्झ घेतले होते. जागा प्रचंड आणि ५जी फोन थोडे, म्हणून अमर्याद ५जी देणं परवडत होतं. जुलै २०२४ मध्ये दर वाढले तेव्हा हे अमर्याद ५जी रोज २ जीबी आणि त्यावरच्या प्लॅनपुरतं ठेवलं गेलं. रस्ता रिकामा होता तोवर टोल नव्हता, गाड्या वाढल्यावर लागला. यात धक्कादायक काही नाही. लक्षात ठेवायचं ते एवढंच, की "अमर्याद" हा शब्द टॉवरच्या गुणाचा नसतो, त्या वेळच्या गर्दीचा असतो.

जास्त पैसे दिले तर रांगेत पुढे?

२०२० मध्ये यावर एक वाद झाला होता, तो आज परत आठवायला हवा. एअरटेलने 'प्लॅटिनम' नावाने महिना ४९९ रुपये आणि त्यावरच्या पोस्टपेड ग्राहकांना जास्त वेगवान ४जी द्यायचं जाहीर केलं. व्होडाफोन आयडियाचा 'रेडएक्स' हा प्लॅनही असाच दावा करत होता. जुलैमध्ये ट्रायने दोन्ही कंपन्यांना हे थांबवायला सांगितलं. ट्रायचा प्रश्न साधा होता: या ग्राहकांना जास्त वेग दिल्याने बाकीच्यांचा कमी होणार नाही, हे तुम्ही कसं दाखवणार? प्रकरण दूरसंचार न्यायाधिकरणापर्यंत गेलं.

वर आपण जे बघितलं त्यावरून उत्तर तुम्हीच देऊ शकाल. टॉवर रिकामा असेल तर प्राधान्याला अर्थच नाही, कारण सगळ्यांना हवं तेवढं मिळतंच. टॉवर भरलेला असेल, तर एकाला पुढे घेणं म्हणजे दुसऱ्याला मागे ढकलणं. ब्लॉक शंभरच आहेत.

आता हाच प्रश्न नव्या कपड्यांत समोर आहे. २०२३ मध्ये एअरटेल आणि जिओ, दोघांनीही एअरफायबर आणलं. यात घराच्या छतावर किंवा खिडकीत यंत्र बसतं आणि टॉवरवरूनच घराला ब्रॉडबँड मिळतं. फायबर न पोचलेल्या गावांसाठी ही खरोखर चांगली सोय आहे. जिओ एअरफायबरची महिन्याची मर्यादा एक टीबी, म्हणजे १,००० जीबी आहे. ती पुरेपूर वापरणारं एक घर सरासरी मोबाइल ग्राहकाच्या छत्तीसपट डेटा घेईल. अर्थात प्रत्येक घर तेवढा वापरत नाही. छतावरच्या अँटेनाला सिग्नल चांगला मिळतो, त्यामुळे त्याचा प्रत्येक जीबी टॉवरला स्वस्त पडतो. आपण वर काढलेला नऊपटीचा फरक इथे एअरफायबरच्या बाजूने आहे. तरीही रात्री नऊला घरातला मोठा टीव्ही ४केमध्ये चालू असेल, तर तो त्याच टॉवरवर आहे हे विसरून चालणार नाही.

यावर कंपन्यांचं उत्तर आहे नेटवर्क स्लाइसिंग. ५जीमध्ये एकाच टॉवरचे आभासी भाग पाडता येतात: एक फोनसाठी, एक एअरफायबरसाठी. जिओ एअरफायबरसाठी हे तंत्र वापरते. तंत्र म्हणून ते सुंदर आहे. घरांची गर्दी फोनच्या वाट्यात घुसू नये म्हणूनही ते वापरता येईल, आणि जास्त पैसे देणाऱ्याला वेगळी गल्ली काढून द्यायलाही. सुरी तीच आहे. कांदा कापलाय की बोट, हे बाहेरून कळायची सोय आज ग्राहकाकडे नाही.

आंधळा लगाम किती महाग पडतो

कंपन्यांनी जास्त वापरणाऱ्याला सरळ कापून टाकावं, असं कुणी म्हणत असेल तर कॅलिफोर्नियातला २०१८ चा प्रसंग सांगतो. त्या उन्हाळ्यात तिथे मेंडोसिनो कॉम्प्लेक्स नावाचा प्रचंड वणवा लागला होता. सांता क्लारा काउंटीच्या अग्निशमन दलाची एक गाडी आगीच्या ठिकाणी समन्वयाचं काम करत होती, आणि तिचं इंटरनेट व्हेरायझनच्या मोबाइल नेटवर्कवर होतं. २५ जीबीची मर्यादा ओलांडली आणि वेग आपोआप साधारण दोनशेव्या भागावर आला. दलाने कंपनीशी संपर्क केला, तर मोठा प्लॅन घ्या असं सांगण्यात आलं. नंतर कंपनीने ग्राहकसेवेची चूक झाली असं मान्य केलं.

तिथे जीबी मोजणारं यंत्र अचूक चाललं होतं. त्याने गर्दी आहे का हे बघितलं नाही, आणि काम कसलं आहे हेही बघितलं नाही. मर्यादा ओलांडली की कायमचा लगाम, मग टॉवर रिकामा का असेना. अमेरिकेत काही प्लॅनवर याच्या उलट पद्धतही आहे. मर्यादेनंतर वेग कापत नाहीत. त्या टॉवरवर त्या क्षणी गर्दी असेल तरच तुमची पाळी इतरांच्या नंतर येते. गर्दी ओसरली की पूर्ण वेग परत. दोन्हीत जास्त वापरणाराच मागे जातो, पण दुसऱ्या पद्धतीत विनाकारण कुणाचं नुकसान होत नाही.

मग व्हिडिओवालेच खरे गुन्हेगार, त्यांनाच धरा? टेलिकॉम कंपन्यांची संघटना बऱ्याच काळापासून म्हणतेय की सर्वांत जास्त ट्रॅफिक निर्माण करणाऱ्या कंपन्यांनी नेटवर्कचा खर्च उचलावा. दक्षिण कोरियात नेटवर्कची फी आकारली जाते, आणि ती परवडत नाही म्हणून ट्विचने फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथून गाशा गुंडाळला. शेवटी भार प्रेक्षकावरच आला. त्यापेक्षा मार्च २०२० मध्ये आपल्याकडे जे झालं ते मला जास्त शहाणपणाचं वाटतं. लॉकडाउन लागला, सगळा देश घरात बसला, तेव्हा स्ट्रीमिंग कंपन्यांनी एकत्र येऊन मोबाइल नेटवर्कवर १४ एप्रिलपर्यंत ४८० पिक्सेलच्या वर जायचं नाही असं ठरवलं. ठरावीक मुदत, सगळ्यांना सारखा नियम, जाहीरपणे सांगितलेलं कारण.

माझ्या मते नियम काय असावा

नेट न्यूट्रॅलिटीच्या २०१७ च्या शिफारशींमध्ये ट्रायने एक चांगली कसोटी दिली होती, आणि सरकारने जुलै २०१८ मध्ये त्या शिफारशी स्वीकारल्या. गर्दी सांभाळायला कंपनीने पावलं उचलावीत, पण ती गरजेपुरती, तात्पुरती आणि पारदर्शक असावीत. कुणाचा कंटेंट आहे हे बघून भेदभाव करायचा नाही. यावर आधारून चार गोष्टी सांगतो.

पहिली, लगाम गर्दी असतानाच लागावा आणि गर्दी संपली की सुटावा. टॉवरला दर क्षणी माहीत असतं की आपण किती भरलोय. त्यामुळे हे तंत्राच्या बाहेरचं नाही.

दुसरी, कोणतं ॲप आहे हे न बघता छोट्या कामाला आधी वाट द्यावी. जो बराच वेळ गप्प होता आणि आता दोन-चार एमबी पाठवतोय, त्याला आधी जाऊ द्या. तासभर सलग ओढणाऱ्याला त्याने फरक पडत नाही. सरकारी ॲप, बँक, शाळा अशी यादी करायची गरज नाही, म्हणजे यादीत घुसण्यासाठी वशिलाही नको. आप्पांचा फोटो आपोआप पुढे गेला असता आणि माझं पॅकेज दोन मिनिटं उशिरा पोचलं असतं.

तिसरी, गर्दी दिसली पाहिजे. ट्रायच्या २०२४ च्या गुणवत्ता नियमांमुळे आता कंपन्यांना कव्हरेजचे नकाशे वेबसाइटवर द्यावे लागतात. पण नकाशावर आमची वस्ती रंगवलेलीच आहे, सिग्नल आहेच ना! त्या टॉवरवर रात्री नऊला किती वेग मिळतो, हे नकाशा सांगत नाही. टॉवरनिहाय गर्दीच्या तासातला वेग जाहीर झाला, तर कोणत्या गावाला दुसरा टॉवर, रुंद पट्टा किंवा फायबरची जोडणी हवी, यावर निदान बोलता तरी येईल. नाहीतर "तुम्हीच जास्त वापरता" हे कंपनीला न संपणारं निमित्त मिळेल. वाटणी कितीही चांगली केली, तरी ती नव्या टॉवरची जागा घेऊ शकत नाही.

चौथी सरकारसाठी. ज्या कामावर लोकांचे पैसे अवलंबून आहेत, ते एकाच मुदतीला सगळ्या गावाला एकदम करायला लावू नका. आणि ॲप असं बनवा की फोटो आणि जागा शेतातच फोनमध्ये नोंदली जाईल, तीच वेळ ग्राह्य धरली जाईल, आणि अपलोड रात्री दोनला आपोआप झालं तरी चालेल. चार-पाच वर्षं सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस म्हणून सांगतो, हे अवघड नाही.

तोवर आपण काय करू शकतो

नियम बदलायला वेळ लागेल. सेटिंग बदलायला दोन मिनिटं लागतात.

लॅपटॉप हॉटस्पॉटवर असेल तर विंडोजमध्ये त्या कनेक्शनला "मीटर्ड" करा, म्हणजे मोठे अपडेट भर दुपारी सुरू होणार नाहीत. फोनवर गुगल फोटोजचा बॅकअप आणि प्ले स्टोअरचे अपडेट "फक्त वायफायवर" ठेवा. मोबाइलवर व्हिडिओची क्वालिटी ४८० वर ठेवून आठवडाभर बघा. त्रास झाला तर परत वाढवा. मोठं अपलोड करायचंच असेल तर फोन खिडकीत किंवा अंगणात ठेवा. पत्र्याखालून बाहेर आणलेला फोन तुमचाही वेळ वाचवतो आणि शेजाऱ्याचाही. वायफाय असेल तिथे ते वापरा, कारण तुमचा फोन टॉवरच्या रांगेतून बाहेर पडतो.

मी स्वतः त्या दिवसानंतर एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. गावी असलो की मोठी पॅकेजेस रात्री दीडनंतरच चढतात, आणि फोन खोलीबाहेर लिंबाच्या फांदीला पिशवीत टांगलेला असतो. जे काम दिवसभर रखडत होतं ते आता पहाटेपर्यंत होऊन जातं.

आप्पांना मी हे सगळं शेजपाळीचं उदाहरण देऊन समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग पाटकरी कोण हाय ह्याचा?"

कालव्यावर पाणी सोडणारा पाटकरी सगळ्यांना माहीत असतो. त्याच्याशी भांडता येतं, त्याला हिशोब विचारता येतो. टॉवरचा पाटकरी सेकंदात हजार वेळा पाणी सोडतो, आणि त्याला कुणी बघितलेलं नाही. त्याने हिशोब दाखवावा, एवढंच मागणं आहे.